मराठवाड्यातील हौशी सुतारकाम

उपजीविकेचा उद्योग वेगळा असलेल्या माणसाने फावल्या वेळात, स्वतःच्या हाताने लाकडी वस्तू घडवण्याचा छंद. पाट, चौरंग, देव्हारा, घडवंची, काटवट, हत्यारांचे दांडे आणि क्वचित खुर्ची-टेबल असा त्याचा आवाका असतो. कोकणात किंवा पूर्व विदर्भात हा छंद धरणाऱ्याला आधी हत्यारांची चिंता पडते. मराठवाड्यात पहिली चिंता लाकडाची. प्रदेशाचा बराच भाग पर्जन्यछायेत येतो आणि वनक्षेत्र तुटपुंजे आहे. लातूर जिल्ह्यात तर ते एक टक्क्याहूनही कमी भरते. सागाचे जंगल म्हणावे असे मुख्यतः नांदेड जिल्ह्याच्या किनवट-माहूर भागात आहे. बाजारातला साग चंद्रपूर-बल्लारशाकडून किंवा परदेशातून येतो, घनफुटावर विकला जातो आणि शिकाऊ हाताने बिघडवावा इतका स्वस्त नसतो. म्हणून इथला हौशी कारागीर मुख्यतः दोन ठिकाणी लाकूड शोधतो : उतरवलेल्या घरात आणि शेताच्या बांधावर.

माळवदाची जुनी घरे हा या मुलखाचा लाकडाचा मोठा साठा. दगड-मातीच्या जाड भिंती, आत लाकडी खांब, त्यांवर तुळया आणि लग (आडवी बारीक लाकडे), वर किलचान (लाकडी चिपांचा थर) आणि त्यावर मातीचा जड थर अशी त्यांची रचना. घर केवढे आहे ते खणांवर, म्हणजे दोन खांबांमधल्या जागांवर, सांगायची पद्धत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा लातूर-धाराशिव भागातली हजारो माणसे अशाच भिंतींखाली आणि मातीखाली गेली. पुढे लोकांचा माळवदावरचा विश्वास उडाला, सिमेंटची घरे आली आणि जुने लाकूड विक्रीला निघाले. त्या लाकडाला हात लावताना ही आठवण बाजूला ठेवता येत नाही, ठेवूही नये.

अशी तुळई बाहेरून काळीठिक्कर असते. चुलीच्या धुराची काजळी, चुन्याचे पापुद्रे, मोडून आत राहिलेले खिळे. रंधा लावण्याआधी तारेच्या ब्रशने ती घासून घ्यावी लागते आणि लोहचुंबक फिरवून खिळे हुडकावे लागतात. एक जरी राहिला तरी पात्याला दात पडतो. पहिले दोन-तीन हात नुसती काळी भुकटी निघते. मग एकाएकी सोनेरी, तेलकट छिलका वळत वर येतो आणि सागाचा कमावलेल्या चामड्यासारखा वास सुटतो. लाकूड दोन-तीन पिढ्यांचे असले तरी हा वास आत तसाच असतो. जुन्या लाकडाचा दुसरा गुण म्हणजे वाकायचे-तडकायचे ते केव्हाच होऊन गेलेले असते. ऋतूप्रमाणे फुगणे-आकसणे मात्र त्याचेही थांबत नाही.

बांधावरच्या झाडांत पहिला मान बाभळीचा. गावचा सुतार हा बारा बलुतेदारांपैकी एक. नांगर, वखर, तिफण, जू आणि गाडीच्या चाकाचे आरे तो याच झाडातून काढत असे, आणि त्याबद्दल खळ्यावर त्याला बलुते मिळे. बाभळीचे लाकूड जड, चिवट आणि धक्का सोसणारे. ते पुरते वाळले की किकरे (सुताराची छिन्नी) जुमानत नाही, म्हणून जाणते सुतार ओलसर असतानाच त्याला ढोबळ आकार देतात आणि बारीक काम वाळल्यावर करतात. सालीलगतच्या पांढऱ्या लाकडाला भुंगा फार लवकर लागतो. त्यावर उपाय म्हणून ओंडके विहिरीत किंवा ओढ्याच्या डोहात कित्येक महिने बुडवून ठेवायची रीत होती. पाण्यात लाकडातला पिठूळ अंश कमी होतो आणि किडीचे खाद्य संपते. मात्र २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, आणि अशा टंचाईत कोणती विहीर ओंडक्यांसाठी मोकळी ठेवणार? आजच्या हौशी माणसाने पांढरा भाग सरळ तासून टाकावा आणि लालसर गाभाच वापरावा, हे उत्तम.

कडुनिंब हा वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने महोगनीच्या कुळातला. त्याच्या तांबूस गाभ्याला वाळवी आणि भुंगा सहसा शिवत नाहीत. काम करताना अडचण येते ती रेषांची : त्या उलटसुलट विणलेल्या असतात, त्यामुळे रंधा एका बाजूने गुळगुळीत चालतो आणि वीतभर पुढे तेच लाकूड उचकटतो. पाते अतिशय धारदार हवे आणि छिलका कागदासारखा पातळ. चिंचेचे लाकूड घट्ट असते; सुताराची मोगरी (लाकडी हातोडा) त्याची चांगली होते. वेड्या बाभळीकडे लोक केवळ सरपण म्हणून पाहतात. अमेरिका खंडातले हे झाड भारतात १८७७ च्या सुमारास आले आणि पडीक जमिनींवर पसरले. वेडेवाकडे, आखूड तुकडेच मिळतात, पण वाळताना ते फार थोडे आकसते. दांडे, मुठी, लहान डबे यांसाठी त्याची शिफारस मनापासून करावीशी वाटते.

तिसरा स्रोत औद्योगिक वसाहतींचा. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या भागांत यंत्रे ज्या खोक्यांतून येतात त्यांचे पाइन लाकूड भंगारात मिळते. परदेशी मालाच्या फळ्यांवर ठसा असतो. ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन निर्जंतुक केलेले लाकूड. ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेले, आणि ते घरच्या वस्तूंसाठी घेऊ नये.

या प्रदेशात सांधा जुळवणे हे हवामानाशी केलेले काम आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, हवा कोरडीठक्क होते आणि लाकडातला ओलावा पाच-सहा टक्क्यांपर्यंत उतरतो. श्रावणात तोच बारा-चौदावर चढतो. एवढ्या फरकाने फूटभर रुंदीची सागाची फळी आडव्या अंगाने दोन ते चार मिलिमीटर हलते. लांबीत ती जवळजवळ हलत नाही. उन्हाळ्यात घट्ट बसवलेली देव्हाऱ्याची फळी पावसाळ्यात फुगून चौकटच फोडते, तर पावसाळ्यात जोडलेल्या पाटाला होळीपर्यंत भेग पडते. म्हणून रुंद फळी चौकटीच्या खाचेत मोकळी ठेवावी, तिला डिंक लावू नये. साल-कुसूचा सांधा (एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत) आणि पाचर या जुन्या युक्त्यांना इथे पर्याय नाही. फेविकॉलही उन्हाळ्याच्या दुपारी काही मिनिटांत साय धरते, तेव्हा जोडकाम पहाटे उरकावे.

ओले लाकूड वाळवताना उलटी काळजी लागते. उन्हाच्या झळांनी ओंडक्याची टोके आधी सुकतात आणि तिथून चिरा आत शिरतात. टोकांना मेण किंवा रंग फासावा, फळ्यांमध्ये पट्ट्या घालून त्या सावलीत रचाव्यात. वारा लागू द्यावा, ऊन नको.

लाकूड दुर्मिळ असले तरी त्याची जाण या मातीत जुनी आहे. वेरूळच्या दहाव्या लेण्याला विश्वकर्मा किंवा सुताराचे लेणे म्हणतात. त्याच्या कमानदार छताला लाकडी वासे असावेत तशा फासळ्या कातळातच कोरलेल्या आहेत. छत पेलण्यासाठी त्यांची गरज नव्हती. लाकडी वास्तूची ओळख मोडू नये म्हणून त्या दगडात आल्या. छंद लागलेल्या माणसाने तिथे मान वर करून थोडा वेळ उभे राहावे.

बांधावरचे झाड स्वतःचे असले तरी ते तोडण्याला कायद्याची मर्यादा आहे. राज्याच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत साग, चिंच, आंबा, मोह, जांभूळ, खैर, चंदन इत्यादी झाडे येतात आणि त्यांना परवानगी लागते. शहरी भागाला १९७५ चा वेगळा कायदा लागू आहे. वादळात पडलेल्या किंवा वठलेल्या झाडाबाबतही आधी विचारून घेतलेले बरे.

तयार वस्तूला चकाकीसाठी जवसाचे तेल उत्तम. ते हवेत घट्ट होते. शेंगदाण्याचे तेल घट्ट होत नाही, चिकट राहून धूळ धरते. जवसाच्या तेलाने भिजलेले फडके बोळा करून कोपऱ्यात टाकू नये. ते आपोआप तापून पेट घेऊ शकते, आणि वैशाखात पत्र्याच्या खोलीत हा धोका अधिकच. फडके पसरून बाहेर वाळवावे किंवा पाण्यात बुडवून ठेवावे.