केवळ माइल्ससाठी विमानप्रवास : तिकीट काढण्यापूर्वी ग्राहकांनी विचारात घ्यावयाच्या बाबी

विमानकंपन्या प्रवासाबद्दल सदस्यांच्या खात्यावर 'माइल्स' नावाचे गुण जमा करतात आणि ठरावीक गुण जमले की सवलती देणारी गोल्डसारखी श्रेणी ठरावीक मुदतीसाठी देतात. या श्रेणीची मुदत संपत आली की, 'कुठलेही तिकीट चालेल, पण गोल्ड टिकले पाहिजे,' अशी मागणी अनेक ग्राहक आमच्याकडे करतात. मुक्कामाच्या ठिकाणी काहीही काम नसताना निव्वळ माइल्स आणि श्रेणी यांसाठी केलेल्या अशा फेरीला 'मायलेज रन' म्हणतात. तिकीटविक्री हा आमचा व्यवसाय असला, तरी बहुतेक ग्राहकांना आम्ही अशी फेरी करू नये असेच सांगतो, आणि त्याची कारणे येथे मांडत आहोत.

अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये आपली माइल्स योजना सुरू केली, तेव्हापासून बराच काळ बहुतेक कंपन्यांचा हिशेब अंतरावर चालत असे. त्यामुळे लांब पल्ल्याचे स्वस्त तिकीट मिळाले की थोड्या पैशांत भरपूर माइल्स पदरात पडत. आता अनेक कंपन्या अंतराऐवजी तिकिटावर खर्च केलेली रक्कम पाहतात. डेल्टा आणि युनायटेड यांनी २०१५ मध्ये माइल्ससाठी हा बदल केला, एअर इंडियाने एप्रिल २०२४ मध्ये केला, तर ब्रिटिश एअरवेजने १ एप्रिल २०२५ पासून श्रेणीचे पॉइंट्सही खर्चाशी जोडले. तेथे ग्राह्य खर्चाच्या प्रत्येक पाउंडामागे एक पॉइंट मिळतो आणि गोल्डसाठी २०,००० पॉइंट्स लागतात. अशा योजनांत स्वस्त तिकिटावर दूर जाऊन येण्याचा जवळजवळ काहीच उपयोग उरलेला नाही.

सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर योजनेत मात्र श्रेणीसाठी लागणारे एलिट माइल्स अजूनही अंतर आणि तिकिटाचा प्रकार यांवर ठरतात. एलिट गोल्डसाठी १२ महिन्यांत असे ५०,००० माइल्स जमावे लागतात. समजा, आपल्याला ४,००० माइल्स कमी पडत आहेत. मुंबई ते सिंगापूर हे अंतर एका दिशेने सुमारे २,४३० मैल, म्हणजे जाऊन-येऊन सुमारे ४,८६० मैल भरते, त्यामुळे एका फेरीत काम होईल असे वाटते. परंतु निवडलेल्या सवलतीच्या तिकिटावर अंतराच्या निम्मेच माइल्स मिळणार असतील, तर हाती सुमारे २,४३० माइल्स येतील आणि पैसे खर्चूनही गोल्ड हुकेल. म्हणून भाड्याच्या आधी तिकिटाचा फेअर क्लास, म्हणजे भाड्याचा प्रकार दाखवणारे अक्षर, पाहावा. समूह आरक्षणाच्या किंवा खास सवलतीच्या काही तिकिटांवर माइल्स अजिबात मिळत नाहीत, हेही आम्ही विक्रीपूर्वीच सांगतो.

श्रेणीचे मोल प्रवासावर अवलंबून असते. सिंगापूर एअरलाइन्स ज्या विमानकंपन्यांच्या गटात आहे, त्या स्टार अलायन्सची गोल्ड श्रेणी (क्रिसफ्लायर एलिट गोल्डबरोबर ती मिळते) असलेल्या प्रवाशाला लाउंज, चेक-इनला प्राधान्य आणि २० किलो किंवा एक बॅग इतके जादा सामान मिळते. न्यू जर्सीतील मुलांकडे दरवर्षी जाणाऱ्या आईवडिलांना ती बॅग खरोखर उपयोगी पडते. पण त्यांना वेगळ्या फेरीची गरज क्वचितच असते, कारण मुंबई ते न्यूअर्क हे सुमारे ७,८०० मैलांचे अंतर ते एरवीही कापतातच. हे माइल्स विखुरले न जाता एकाच योजनेत जमा होतील एवढे पाहिले, तरी बरेच साधते. वर्षातून एकदाच देशांतर्गत प्रवास करणाऱ्याने श्रेणीच्या मागे लागू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. हवे असल्यास त्याने लाउंजचे आणि जादा सामानाचे पैसे त्या दिवसापुरते भरावेत, ते कितीतरी स्वस्त पडते.

तरीही हिशेब जुळत असेल आणि थोडेच माइल्स कमी पडत असतील, तर आम्ही तिकीट काढून देऊ. भारतीय पासपोर्टवर सिंगापूरला प्रवेशासाठी व्हिसा लागतो, आणि लगेच परतायचे असले तरी तो काढून ठेवावा, असा आमचा आग्रह राहील. इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यांनी प्रवासाचे कारण विचारल्यास खरे तेच सांगावे. तिकिटातील एखादा टप्पा वगळू नये. तसे केल्यास पुढचे टप्पे रद्द होऊ शकतात, आणि न उडालेल्या टप्प्याचे माइल्स मिळत नाहीत. मुदतीच्या शेवटच्या आठवड्यातील तारीख टाळावी, कारण विमान रद्द झाले तर दुसरी संधी उरत नाही. सदस्य क्रमांक आरक्षणाच्या वेळीच द्यावा, नाव पासपोर्टप्रमाणे असावे आणि माइल्स खात्यावर दिसेपर्यंत बोर्डिंग पास जपून ठेवावा.

हिशेबासाठी कार्यालयात येताना आपल्या खात्यावरील सध्याची शिल्लक आणि श्रेणीची अंतिम तारीख दाखवणारे पान सोबत आणावे.