पाळीव कृंतक प्राणी आणि मुलांचे आरोग्य

हॅमस्टर, गिनीपिग, जर्बिल, पाळीव उंदीर हे कुरतडणारे प्राणी मुले हाताळतात तेव्हा संसर्ग, चावा आणि ॲलर्जी असे धोके संभवतात. पालक धास्तावतात ते चाव्याला; खरी काळजी घ्यायला हवी ती न धुतलेल्या हातांची. तुकतुकीत, खेळकर प्राण्याच्या लेंड्यांतूनही साल्मोनेला जिवाणू बाहेर पडू शकतात. ते त्याच्या केसांना, पिंजऱ्यातल्या भुशाला, पाण्याच्या बाटलीला लागतात. प्राण्याला कुरवाळून मुलाने बोट तोंडात घातले की संसर्गाला वाट मिळते. मग जुलाब, ताप, पोटात कळा सुरू होतात आणि लहान मुलांत आजार बळावू शकतो. म्हणूनच 5 वर्षांपर्यंतची मुले असलेल्या घरात असे प्राणी पाळू नयेत, असा अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राचा सल्ला आहे. मूल कितीही हट्टाला पेटले तरी हा सल्ला मोडू नये.

उंदीर चावल्याने किंवा त्याने ओरबाडल्याने येणारा एक ताप विरळा असला तरी गंभीर असतो. त्याचे जिवाणू निरोगी उंदराच्या तोंडातही असतात, त्यामुळे उंदराचा मुका घेणेही धोक्याचे. ताप बहुधा 3 ते 10 दिवसांनी चढतो. सांधे दुखतात, हातापायांवर पुरळ उठते. तोवर जखम भरून आलेली असते आणि चावल्याचे कोणाच्या ध्यानातही राहत नाही. डॉक्टरांना घरातल्या उंदराबद्दल आपणहून सांगितले तर निदान लवकर होते. पेनिसिलिनने हा आजार बरा होतो, पण उपचारांविना जीवावर बेतू शकतो. चावा बसताच जखम साबणाने भरपूर धुवावी आणि धनुर्वाताच्या लसीची चौकशी करावी. रेबीजची भीती मात्र इथे जवळपास नसते.

गिनीपिगपासून मुलांना गजकर्ण होऊ शकते. या प्राण्यांच्या मूत्रातील प्रथिनांमुळे काहींना शिंका किंवा दमा सुरू होतो.

हॅमस्टर दिवसा झोपतो. झोपेतून उचलला की दचकून चावतो. चावला की मूल हात झटकते आणि प्राणी खाली आपटतो. गिनीपिगचे तर पाय किंवा पाठीचा कणाही मोडू शकतो. त्यामुळे मुलाने जमिनीवर बसूनच, मोठ्या माणसाच्या देखत, एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली देऊन त्याला मांडीवर घ्यावे. जर्बिलला शेपटीने कधीही उचलू नये, शेपटीची कातडी सोलून हातात येते.

पिंजरा साफ करण्याचे काम मोठ्यांचे. भुसा आधी ओलसर करावा, म्हणजे धूळ उडत नाही. पिंजरा स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नये. घरात गरोदर स्त्री असेल तर तिने या कामापासून पूर्ण लांब राहावे: हॅमस्टर आणि उंदरांकडून येणारा एलसीएमव्ही हा विषाणू गर्भाच्या मेंदूला व डोळ्यांना इजा करू शकतो.