स्वतंत्र सॉफ्टवेअर विक्रीतील मंदी

स्वतंत्र सॉफ्टवेअर विक्रीतील मंदी : एकट्याने किंवा दोन-चार माणसांच्या बळावर सॉफ्टवेअर तयार करून ते परस्पर ग्राहकाला विकणाऱ्यांच्या खपात ठरावीक महिन्यांत किंवा अर्थव्यवस्था आक्रसल्यावर येणारी घट. पहिलीस हंगामी व दुसरीस आर्थिक मंदी म्हणतात; प्रत्यक्षात दोन्ही बऱ्याचदा एकमेकींत मिसळलेल्या असतात. मोठ्या कंपन्यांनाही चढउतार चुकत नाहीत, पण त्यांच्या हाताशी वर्षावर्षाचे करार असतात. छोट्या विक्रेत्याचे घर एखाद-दुसऱ्या उत्पादनावर चालते.

या व्यवसायाचा उगम साधारणपणे १९८२ पासून मानतात. त्या वर्षी अमेरिकेत अँड्र्यू फ्लुगेलमन यांनी ‘पीसी-टॉक’ व जिम नॉफ (व्यवसायातील नाव जिम बटन) यांनी ‘पीसी-फाइल’ ही सॉफ्टवेअरे ‘आधी वापरा, आवडल्यास पैसे पाठवा’ या तत्त्वावर वाटली. ‘शेअरवेअर’ हे नाव मात्र नंतर रूढ झाले. ‘फ्रीवेअर’ हा शब्द फ्लुगेलमन यांनी व्यापारचिन्ह म्हणून राखून ठेवल्याने इतरांना तो वापरता येईना. १९८३ मध्ये ‘पीसी-राइट’ काढणारे बॉब वॉलेस ‘शेअरवेअर’ शब्द वापरत होते आणि १९८४ च्या सुमारास नेल्सन फोर्ड या स्तंभलेखकाने घेतलेल्या नामस्पर्धेत तोच पुढे आला. शब्दाचे जनकत्व सहसा वॉलेस यांना देतात, पण आपण तो ‘इन्फोवर्ल्ड’ नियतकालिकातील एका सदराच्या नावावरून उचलला, असे त्यांनीच मान्य केले होते. तेव्हा तो कोणा एकाच्या नावावर न मांडणे बरे. पैसे टपालाने येत, त्यामुळे त्या काळी मंदी कळायची ती रिकाम्या टपालपेटीवरून.

व्यापारातील सुस्त महिन्यांना युरोपात काकडीचे नाव आहे. जर्मन भाषेत ‘झाउरेगुर्केनत्साइट’ (आंबवलेल्या काकड्यांचा काळ), डचमध्ये ‘कोमकोमरटाइट’, पोलिशमध्ये ‘सेझोन ओगुर्कोवी’. जर्मन शब्द अठराव्या शतकाच्या अखेरीचा असावा. बर्लिनच्या बाजारात नव्या काकड्यांचे लोणचे येई तेव्हा ऐन उन्हाळा असे व गिऱ्हाईक गावाबाहेर, ही त्याची एक उपपत्ती. दुसऱ्या मतानुसार काकडीचा यात संबंधच नाही. अडचण व महागाई या अर्थाचे यिडिश शब्द कानाला तसे ऐकू आले आणि लोकांनी त्यांची काकडी केली. हे मत आकर्षक असले तरी त्याने इंग्रजीतील ‘काकडीकाळा’चा उलगडा होत नाही. तो शब्द १७०० च्या सुमाराच्या एका चोरभाषेच्या कोशात शिंप्यांच्या रिकामपणासाठी आलेला आहे, म्हणजे तो जर्मन शब्दाहून जुना दिसतो. पहिले मत त्यामुळे अधिक ग्राह्य वाटते. कारागिरांनाही हा काळ जाणवत असे, हे त्या नोंदीवरून कळते.

सॉफ्टवेअरला स्वतःचा असा हंगाम नसतो. तो ग्राहकाच्या पंचांगातून येतो. कार्यालयीन उपयोगाची साधने जुलै-ऑगस्टमध्ये मंदावतात, कारण फ्रान्समध्ये ऑगस्टभर सुट्ट्या असतात आणि इटलीत १५ ऑगस्टच्या आगेमागे बाजारच बंद असतो. डिसेंबरचा उत्तरार्धही तसाच. अपवाद अमेरिकेचा : तेथे २००३ पासून तयार सॉफ्टवेअरची पूर्ण किंमत करहिशेबात त्याच वर्षी खर्ची टाकता येते, मात्र ते ३१ डिसेंबरपर्यंत वापरात आलेले असावे लागते, म्हणून अखेरच्या आठवड्यातही थोडी खरेदी होते. खेळांचे गणित याच्या उलट, नाताळातच तेजीचे. अमेरिकी करविवरणाची साधने जानेवारी ते १५ एप्रिल एवढ्यात जी खपतील तीच.

महाराष्ट्रात हिशेबाच्या सॉफ्टवेअरला मार्चअखेर व एप्रिल, शाळांच्या सॉफ्टवेअरला जूनच्या आधीचे दोन महिने असे कोनाडे पडलेले आहेत. गृहनिर्माण संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागत असल्याने त्यांची निकड त्याआधीची. सभा उरकली की सेक्रेटरी फोन उचलत नाही. आयकराचा परिणाम काही जण वाजवीपेक्षा जास्त धरतात. सॉफ्टवेअरवर घसारा, म्हणजे झिजेपोटी उत्पन्नातून मिळणारी वजावट, वार्षिक ४० टक्के (२०१६–१७ पर्यंत ६० टक्के) मिळतो आणि वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाल्यास तो निम्मा होतो. म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांपर्यंत खरेदी उरकावी, असा हा तर्क. १०,००० रुपयांच्या सॉफ्टवेअरवर उशिरा खरेदीने त्या वर्षीची वजावट २,००० रुपयांनी घटते, म्हणजे ३० टक्के दराने ६०० रुपयांचा कर वाढतो आणि तोही पुढील वर्षांत वळता होतो. नेमका याच सुमारास बहुधा पितृपक्ष असतो. ६०० रुपयांसाठी पितृपक्षात नवी वस्तू घेणारा दुकानदार विरळाच.

मंदी मोजण्याचा प्रश्न याहून अवघड आहे. महिन्याला सरासरी २० प्रती खपत असतील आणि ग्राहक एकमेकांशी संबंध नसताना येत असतील, तर विक्रीचे आकडे प्वासाँ वितरणाच्या (योगायोगाने घडणाऱ्या घटनांच्या संख्येचा ठरावीक पसारा) जवळपास जातात. त्याचे प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती दूर जातात त्याचे माप, २० चे वर्गमूळ, म्हणजे सु. ४·५. आकडे सहसा सरासरीच्या दोन्ही बाजूंना याच्या दुपटीपर्यंत जातात; याचा अर्थ बाजारात काहीही बदललेले नसताना एका महिन्यात ११ आणि दुसऱ्यात २९ प्रती खपू शकतात. अकरावर आल्यावर विक्रेता किंमत उतरवतो, पुढच्या महिन्यात खप आपोआप अठरावर जातो आणि श्रेय सवलतीला मिळते. ४०० प्रती विकणाऱ्याला हीच मर्यादा ३६० ते ४४० अशी पडते, म्हणून त्याला मंदी खरोखर दिसू शकते. शिवाय फेब्रुवारी हा ३१ दिवसांच्या महिन्याहून जवळजवळ एक दशांशाने लहान असतो. हंगामाचा भाग वेगळा काढण्याच्या ‘एक्स-११’ (अमेरिकी जनगणना विभाग, १९६५) यांसारख्या रीतींना अनेक वर्षांची मासिक मालिका लागते; तेवढ्या काळात छोट्या सॉफ्टवेअरची किंमत, आवृत्ती आणि कधी मालकही बदललेला असतो. गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करणे, एवढेच बहुतेकांच्या हाती उरते.

आर्थिक मंदीचे ठळक प्रसंग म्हणजे मार्च २००० नंतरची डॉटकॉम (इंटरनेट कंपन्यांची) पडझड, १५ सप्टेंबर २००८ रोजी लेमन ब्रदर्स ही अमेरिकी गुंतवणूक बँक बुडाल्यानंतरचे महिने आणि २०२० ची टाळेबंदी. शेवटच्या प्रसंगात घट सरसकट नव्हती : घरून कामाची साधने चालली, प्रवास कंपन्यांसाठी लिहिलेली बसली. डॉलरमध्ये विकणाऱ्या भारतीय विक्रेत्यास २००८ चा फटका काहीसा सौम्य बसला असावा. त्या वर्षाच्या आरंभी डॉलर ४० रुपयांच्या आत होता, मार्च २००९ मध्ये तो ५० च्या वर गेला. डॉलरमधील विक्री एक पंचमांशाने घटली तरी रुपयांतील जमा जवळजवळ तेवढीच राही. भारतातच विकणाऱ्यांना ८ नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी जास्त जवळची.

काही घटींना मंदी म्हणणे चूक ठरते. नवी आवृत्ती आधीच जाहीर केल्याने जुनीचा खप थांबतो, त्यास ‘ऑसबर्न परिणाम’ म्हणतात. १९८३ मध्ये दिवाळखोरीत गेलेल्या ऑसबर्न संगणक कंपनीवरून हे नाव पडले. कंपनी याच कारणाने बुडाली, याविषयी मात्र मतभेद आहेत. १ ऑक्टोबर २०२१ रोजीची घट आणखी वेगळी. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत न बसणाऱ्या कार्डांवरील जुन्या आवर्ती सूचना (ठरावीक काळाने पैसे आपोआप वळते करण्याच्या) त्या दिवशी बंद झाल्या व ५,००० रुपयांवरील प्रत्येक वसुलीस नव्याने संमती लागू लागली. वर्गणीवर सॉफ्टवेअर देणाऱ्यांची भारतीय ग्राहकांकडील वसुली अडली. ग्राहक सॉफ्टवेअर वापरतच होते. जून २०२२ मध्ये ही मर्यादा १५,००० रुपये करण्यात आली.