गालिच्यावर ब्लीच सांडलं तर घासू नका, तो डाग नसतोच

गणपतीच्या आधीच्या साफसफाईत माझ्या हातून ब्लीचची बाटली कलंडली. कोथरूडचा आमचा हॉल, चॉकलेटी कार्पेट आणि त्यावर तळहाताएवढा भाग बघता बघता आधी तांबूस, मग चक्क नारिंगी झाला. आई म्हणाली, "अगं व्हिनेगर ओत पटकन, वास जाईल." मी तिला थांबवलं, कारण ब्लीचमध्ये आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद खोलीत तो थेट छातीत भरतो. हे आधी लक्षात ठेवा, बाकीचं नंतर.

आता मुद्दा. चहा सांडला तर धाग्यावर काहीतरी बाहेरचं येऊन बसतं, ते काढता येतं. ब्लीचचं उलटं आहे, तिथे धाग्यातलं काहीतरी गेलेलं असतं. रंगाच्या रेणूत एकेरी-दुहेरी बंधांची लांब साखळी असते, तीच प्रकाश शोषते म्हणून आपल्याला रंग दिसतो. ब्लीचमधलं सोडियम हायपोक्लोराइट ती साखळी तोडतं. रेणूचे तुकडे तिथेच असतात, पण रंग दाखवायची ताकद संपलेली असते, म्हणून कितीही घासा, फक्त धागे पिंजतात.

आणि ओल असेपर्यंत हे तोडणं चालूच राहतं. म्हणून आधी कोरड्या फडक्याने टिपून घ्या, गार पाण्याने दोन-तीनदा टिपा, मग हायपो लावा. हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट, माशांच्या दुकानात अँटीक्लोरीन म्हणून याचे खडे मिळतात, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायला फिश टँकवाले तेच वापरतात. कपभर कोमट पाण्यात चमचाभर विरघळवा, लावा, नंतर साध्या पाण्याने नीट टिपून काढा. उरलेल्या ब्लीचचं शेवटी मीठ होतं आणि पसरणं थांबतं.

मग प्रश्न रंगाचा. त्याआधी कार्पेट कशाचं आहे ते बघा. कडेचा एक धागा साबणाचा थेंब घातलेल्या पाण्यात बुडवून बोटांनी दाबा. वर तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक, पाण्याची घनता 1 धरली तर त्याची 0.9 च्या आसपास असते. नायलॉन 1.14, लोकर साधारण 1.3, ते बुडतात. पॉलिप्रॉपिलीनमध्ये रंग धागा बनतानाच आत मिसळलेला असतो त्यामुळे ब्लीचने तो सहसा उडत नाही, पण बाहेरून रंगवायला गेलात तर धरतही नाही. नायलॉन आणि लोकर रंग धरतात. लोकरीचं मात्र वाईट वाटतं, ब्लीच तिच्या प्रथिनालाच खातं, जागा पिवळी आणि खरखरीत होते, उत्तर प्रदेशातल्या भदोहीचा हाताने विणलेला लोकरी गालिचा असेल तर स्वतः काही करू नका, रफू करणाऱ्याला दाखवा.

आमचं नायलॉन निघालं. दुकानातून चॉकलेटी फॅब्रिक मार्कर आणणार होते, पण ते चुकलं असतं. चॉकलेटी रंग पिवळा, लाल आणि निळा मिळून होतो आणि ब्लीचने बहुतेक वेळा निळा आधी जातो, म्हणून तर नारिंगी उरतं. गेलाय निळा, तर निळाच परत द्यायचा, अगदी फिका, ठिपक्या-ठिपक्यांनी. पिवळं उरलं असेल तर लालही लागतो. पार पांढरं पडलं असेल तर सोफ्याखालचे थोडे धागे मुळापासून कापून तिथे चिकटवलेले बरे.

मी दोन दिवस थोडं थोडं करत गेले. ट्यूबलाइटखाली रंग अगदी जुळलेला वाटला, सकाळी गॅलरीचं दार उघडल्यावर जांभळट दिसला, म्हणून पुढचे सगळे ठिपके दुपारच्या उजेडात दिले.