एट्रियल फिब्रिलेशन: आजार एकच, मग नाडी कुणाची ७०, कुणाची १५० का?

एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची विजेची लय बिघडण्याचा आजार, असलेल्या माणसाच्या ईसीजीची पट्टी समोर ठेवा आणि दोन उंच टोकांमधलं अंतर मोजत चला. पहिल्या दोन ठोक्यांमध्ये ०.४ सेकंद, मग ०.९, मग ०.६, मग एकदम १.२. अशी अंतरं या आजारात सहज दिसतात. पहिल्या अंतराच्या हिशेबाने हृदय मिनिटाला १५० वेळा चाललं असतं, दुसऱ्याच्या हिशेबाने ६७, तिसऱ्याच्या १०० आणि चौथ्याच्या ५० वेळा. हे सगळं अवघ्या ३.१ सेकंदांत. त्याची सरासरी काढली तर मिनिटाला ७७ येते आणि मशीन तेवढाच आकडा छापतं. त्या चार अंतरांत ७७ च्या गतीचं एकही नाही.

‘तुमचे ठोके ७७ आहेत, सगळं छान आहे’ किंवा ‘१२० आहेत, आता काय होणार’ ही दोन्ही वाक्यं घरोघरी ऐकू येतात. घड्याळावर आकडा दिसू लागल्यापासून तर जास्तच. म्हणून हा आकडा येतो कुठून, हे नीट समजून घ्यायला हवं.

निरोगी हृदयात उजव्या वरच्या कप्प्यातल्या सायनस नोडमधून विजेचा संदेश निघतो. विश्रांतीत मिनिटाला साधारण ६० ते १००. आधी वरचे दोन कप्पे, म्हणजे कर्णिका, आकुंचन पावतात आणि मग खालचे दोन. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये कर्णिकांत एकाच वेळी अनेक ठिकाणी विजेच्या लाटा उठतात, एकमेकींवर आदळतात, भरकटतात. मिनिटाला ३५० ते ६०० संदेश तयार होतात. कर्णिका आकुंचन पावतच नाहीत, नुसत्या थरथरतात. हे सगळे संदेश खाली पोचले असते तर माणूस काही मिनिटंही जगला नसता.

पण ते पोचत नाहीत. वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये विजेला जायला एकच वाट असते, एव्ही नोड. १९०६ साली सुनाओ तावारा या जपानी संशोधकाने जर्मनीतल्या मारबुर्ग इथे लुडविग आशॉफ यांच्याकडे काम करताना या वाटेचं सविस्तर वर्णन केलं. ही वाट मुळात संथ आहे. एक संदेश गेला की थोडा वेळ तिला विसावा लागतो आणि त्या काळात आलेला संदेश तिथेच विरतो. काही संदेश अर्ध्या वाटेपर्यंत जाऊन विझतात, पण जाताना वाट थकवून जातात. अरुंद पुलावर अर्ध्यात शिरून परत फिरलेली गाडीसुद्धा मागच्या गाडीला खोळंबून ठेवतेच, तसं. कुठला संदेश पार होणार आणि कुठला अडणार, याला कसलाच क्रम उरत नाही. म्हणून नाडी अनियमित. तीही ठरावीक अंतराने एखादा ठोका चुकणारी नव्हे, तर पूर्णपणे बेशिस्त.

म्हणजे या आजारात नाडीची गती कर्णिका ठरवत नाहीत, एव्ही नोड ठरवतो. माणसामाणसांतला फरक इथूनच सुरू होतो. चाळिशीतल्या माणसाचा एव्ही नोड चपळ असेल तर औषध सुरू होण्याआधी नाडी १३०, १५०, कधी त्याहूनही वर जाते. छातीत धडधड होते, माणूस घाबरून दवाखाना गाठतो. ऐंशीच्या आजींचा एव्ही नोड वयाने मंदावलेला असतो. त्यांची नाडी कुठलीही गोळी न घेता ७० असू शकते आणि आजार कळतो तो मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी काढलेल्या ईसीजीत. त्यांना त्रास नाही म्हणून आजार सौम्य, असं मात्र नाही. शिवाय औषधाविना इतकी संथ चाल दिसली की डॉक्टर सावध होतात, कारण अशा नोडला गती कमी करणारी गोळी जपून द्यावी लागते. काहींच्या बाबतीत तर एट्रियल फिब्रिलेशनचा झटका थांबल्यावर सायनस नोड पटकन जागाच होत नाही. काही सेकंद हृदय गप्प राहतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशांना पेसमेकर लागू शकतो.

एकाच माणसाची नाडीही दिवसभर सारखी नसते. एव्ही नोडवर दोन विरुद्ध नसांचा ताबा चालतो: गती कमी करणारी व्हेगस आणि गती वाढवणारी सिम्पथेटिक. झोपेत व्हेगस नसेचा जोर असतो, तेव्हा रात्री तीनला नाडी ५५ होते आणि होल्टरच्या, म्हणजे दिवसभर अंगावर लावून ठेवायच्या ईसीजी यंत्राच्या, रिपोर्टात मधूनच दोन सेकंदांची पोकळी दिसते. तेवढ्याने घाबरायचं कारण सहसा नसतं. उठून जिना चढायला लागलं की व्हेगसचा जोर ओसरतो आणि गती निरोगी माणसापेक्षा फार लवकर वर जाते. पहिल्या मजल्यावरच १३०. ताप, पाणी कमी पडणं, रक्तक्षय, वाढलेला थायरॉइड आणि दारू ही सगळी गती वाढवतात. नाडी अचानक वाढली की गोळीचा डोस वाढवण्याआधी यांतलं काही आहे का, हे पाहिलं जातं. न्यूमोनियाच्या तापात १४० झालेली नाडी ताप उतरल्यावर बरीचशी आपोआप खाली येते.

डिजॉक्सिनचं गणितही इथेच उलगडतं. हे औषध मुख्यतः व्हेगसमार्फत एव्ही नोडला संथ करतं. बसलेल्या माणसात ते छान चालतं, पण चालायला लागल्यावर व्हेगसच मागे हटतो, मग औषधाचाही जोर कमी पडतो. मेटोप्रोलॉल किंवा बिसोप्रोलॉलसारखे बीटा ब्लॉकर दुसऱ्या, सिम्पथेटिक नसेचा प्रभाव अडवतात, म्हणून हालचालीतही धरून ठेवतात. तपासणीच्या टेबलावर ८० आणि घरी कपडे वाळत घालताना १४० असं होत असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. टेबलावर ते कळत नाही.

मोजण्यातही एक फसगत आहे. स्टेथोस्कोप छातीवर ठेवून एकाने ठोके मोजले आणि त्याच मिनिटात दुसऱ्याने मनगटावर नाडी मोजली, तर छातीवर १२४ आणि मनगटावर ९८ असं होऊ शकतं. दोघांचंही मोजणं बरोबर असतं. दोन ठोके फार जवळ आले की खालच्या कप्प्यात रक्त भरायला वेळच मिळत नाही. हृदय आकुंचन पावतं, पण जवळजवळ रिकामं. ती लाट मनगटापर्यंत पोचत नाही. बहुतेक स्मार्टवॉचही मनगटावरच्या रक्ताच्या लाटाच मोजतात, म्हणून वेगवान एट्रियल फिब्रिलेशनमध्ये घड्याळाचा आकडा खऱ्यापेक्षा कमी निघू शकतो. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची सवय इथे सोडावी, पूर्ण मिनिट मोजावं. बीपीही एकदा घेऊन भागत नाही; दोन-तीनदा घेऊन सरासरी काढावी लागते.

मग नाडी किती असावी? बरीच वर्षं विश्रांतीत ८० च्या आत आणण्यावर भर होता. २०१० साली नेदरलँड्समधल्या ‘रेस २’ या चाचणीत कायमस्वरूपी एट्रियल फिब्रिलेशन असलेल्या ६१४ रुग्णांचे दोन गट केले गेले. एका गटात विश्रांतीची नाडी ११० च्या आत असली की पुरे; दुसऱ्यात ८० च्या आत आणि मध्यम व्यायामात ११० च्या आत. तीन वर्षांत हृदयविकाराने मृत्यू, हार्ट फेल्युअरसाठी भरती, पक्षाघात अशा गंभीर घटनांचं एकत्रित प्रमाण पहिल्या गटात १२.९ टक्के आणि दुसऱ्यात १४.९ टक्के होतं. सैल लक्ष्य वाईट ठरलं नाही. मला हा निकाल फार दिलासा देणारा वाटतो, कारण ८० च्या हट्टापायी गोळ्या वाढवत नेल्या की वृद्ध माणसाला थकवा, चक्कर आणि पडण्याची भीती पदरी येते. पण ११० म्हणजे सगळ्यांना सरसकट सूट नव्हे. दम लागत असेल किंवा हृदयाची पंप करण्याची ताकद घटत असेल, तर गती आणखी खाली आणावीच लागते. महिनोन्महिने १३०–१४० ने धावणारं हृदय त्या धावण्यानेच कमकुवत होऊ शकतं. बरेचदा गती आवरल्यावर ते सावरतंही.

आपल्याकडे एका गटाला तर ही सूट अजिबात लागू होत नाही. ४६ देशांतल्या रुग्णांच्या एका मोठ्या नोंदणीत, जिचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले, एट्रियल फिब्रिलेशनच्या रुग्णांत र्‍हुमॅटिक हृदयविकार उत्तर अमेरिकेत २.२ टक्के, तर भारतात ३१.५ टक्के आढळला. लहानपणी घशाच्या संसर्गानंतर आलेला र्‍हुमॅटिक ताप, त्यातून अरुंद झालेली मायट्रल झडप, म्हणजे डाव्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली झडप. या झडपेतून रक्त उतरायला मुळातच जास्त वेळ लागतो आणि वेगवान नाडी नेमका तोच वेळ खाते. रक्त मागे फुप्फुसांत साचतं, आडवं झोपवत नाही. तिशीतली बाई, गरोदरपणात वाढलेली गती आणि त्यात एट्रियल फिब्रिलेशन, हे फार धोक्याचं त्रिकूट आहे. इथे ११० वर समाधान मानून चालत नाही.

गती आटोक्यात आली म्हणून रक्त पातळ करणारी गोळी बंद करणं ही दुसरी घातक समजूत. गुठळी होते ती थरथरणाऱ्या कर्णिकेत. नाडी ७० वर आली तरी कर्णिका थरथरतच असते, पक्षाघाताचा धोका तसाच राहतो.

आणि वर्षानुवर्षं बेशिस्त असलेली नाडी एके दिवशी घड्याळासारखी नियमित लागली तर? ७० च्या आसपास नियमित असेल तर कदाचित हृदय मूळ लयीत परतलं असेल. पण डिजॉक्सिन घेणाऱ्या माणसात ती ४० ला नियमित झाली असेल आणि सोबत मळमळ किंवा दृष्टीत पिवळसरपणा असेल, तर औषध अंगात साठून एव्ही नोड पूर्ण बंद पडल्याची शक्यता असते. खालचे कप्पे तेव्हा स्वतःच्याच संथ गतीने चालत असतात. अशा वेळी पुढची गोळी न घेता त्याच दिवशी ईसीजी काढायला जायचं.