पँगाँगला एका दिवसात जाताय? मग सीपीएल आणि एनडी फिल्टरमध्ये गल्लत करू नका

लेहला गेलेल्या बऱ्याच जणांचा पँगाँग तलावाचा प्लॅन एकाच दिवसाचा असतो, म्हणजे पहाटे निघायचं, चांग ला खिंड ओलांडून दीडशेएक किलोमीटर जायचं, पोचेपर्यंत अकरा-बारा वाजलेले आणि दोन-अडीचला ड्रायव्हर परत निघायची घाई करणार, कारण उशीर झाला की खिंडीतला रस्ता बेभरवशाचा. फोटोला मिळते ती भर दुपार. मग लोक जायच्या आधी 'तलावासाठी फिल्टर' शोधतात आणि तिथेच सीपीएल (सर्क्युलर पोलरायझर) आणि एनडीची (न्यूट्रल डेन्सिटी) सरमिसळ होते, कारण दोन्ही दिसायला लेन्सपुढे लावायच्या काळपट काचाच.

एनडीचं काम सोपं आहे, तो फक्त उजेड कमी करतो, सगळीकडून येणारा सारखाच. एनडी ८ म्हणजे ३ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), एनडी १००० म्हणजे साधारण १० स्टॉप. पँगाँगच्या दुपारच्या उन्हात आयएसओ १०० आणि एफ ११ ला शटर १/२०० सेकंदाच्या आसपास येतं, एनडी १००० लावला की तेच ५ सेकंद होतं, लाटा पुसल्या जातात आणि पाणी गुळगुळीत दिसतं. एनडी ८ ने मात्र ते जेमतेम १/२५ वर येतं, म्हणजे लाट धड थांबतही नाही आणि धड पुसलीही जात नाही, त्यामुळे या उन्हात तो एकटा काही कामाचा नाही.

सीपीएल पण दीड-दोन स्टॉप उजेड खातो, पण तो त्याचा साइड इफेक्ट झाला. खरं काम वेगळं आहे. पाण्यावरून, ओल्या दगडावरून तिरकी येणारी चकाकी पोलराइज झालेली असते, म्हणजे तिच्यातल्या प्रकाशलहरी बहुतेक एकाच दिशेत कंप पावतात, आणि फिल्टरची रिंग फिरवून ती नेमकी अडवता येते, पाण्यासाठी सगळ्यात जास्त परिणाम पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांच्या कोनातून बघताना. काठावर उभं राहून हळूहळू रिंग फिरवा, पांढरट चकाकी विरत जाते, तळाचे गोटे एकेक करून दिसायला लागतात, आणि काठाजवळचा हिरवट रंग पुढे खोल पाण्यात गडद निळा कसा होतो तेही स्वच्छ कळतं. हे नंतर एडिटिंगमध्ये करता येत नाही, कारण चकाकीखालचं काही कॅमेऱ्याने टिपलेलंच नसतं. (एनडीचा इफेक्ट निदान पाच-पन्नास फ्रेम एकत्र करून बराचसा आणता येतो.)

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. दुपार म्हणजे फोटोला वाईट वेळ असं सगळे म्हणतात, पण सीपीएलसाठी इथली जून-जुलैची दुपार एकदम भारी असते. आकाश सूर्यापासून ९० अंशांवर सगळ्यात जास्त पोलराइज होतं, आणि सूर्य जवळपास डोक्यावर असला की हा पट्टा क्षितिजालगत चहूबाजूंनी येतो, तोही पाण्याच्या चकाकीच्याच दिशेने पोलराइज झालेला, त्यामुळे रिंगच्या एकाच पोझिशनला पाणीही साफ आणि डोंगरामागचं आकाशही गडद. ऑक्टोबरात सूर्य दुपारीही कललेला असतो, तेव्हा वाइड लेन्सवर आकाशात एक बाजू काळी, एक फिकी असा डाग येतो. शिवाय सव्वाचार हजार मीटरवर आकाश मुळातच गडद निळं, त्यामुळे रिंग पूर्ण फिरवली तर ते शाईसारखं दिसतं, थोडी मागेच ठेवा. आणि डोंगराचं प्रतिबिंब हवं असेल तर सीपीएल उलट तेच खाऊन टाकेल, तेव्हा रिंग फिरवून ते परत आणा नाहीतर काढूनच ठेवा.

एनडी १००० ला ट्रायपॉड लागतो, फोकस आधी लॉक करावा लागतो, आणि दुपारी वारा सुटला की ट्रायपॉडच थरथरतो. दोन-तीन तासांत एवढा खटाटोप कशाला? एक दिवसाच्या ट्रिपला एकच घ्यायचा तर सीपीएलच घ्या, मुक्काम असेल तर एनडीचा विचार करा.

घेताना एक टेस्ट करा, काच लॅपटॉपच्या एलसीडी स्क्रीनसमोर लेन्सवर लावतो तशी धरून फिरवा. स्क्रीन काळा-पांढरा होत गेला तर सीपीएल, काहीच बदललं नाही तर साधा एनडी. व्हेरिएबल एनडीला (उजेड कमी-जास्त करता येणारा एनडी) मात्र फिरणारी रिंग असते म्हणून अनेकजण त्याला सीपीएल समजून फसतात, त्यात दोन पोलरायझर एकावर एक असतात, आणि तो वाइड लेन्सवर जास्त फिरवला की फोटोत काळी फुली उमटते. साइज सगळ्यात मोठ्या लेन्सचा घ्या, बाकीच्यांना स्टेप-अप रिंग (लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवायची कडी) लावता येते.