जीआरईचे उतारे आणि पाठ केलेले शब्द

'हजारो अवघड शब्द घोका, जीआरईचे उतारे आपोआप सुटतील.' परदेशी विद्यापीठांत पदव्युत्तर प्रवेशासाठी द्यायच्या जीआरई परीक्षेबद्दल हा सल्ला अजून फिरतो आहे. एकेकाळी त्यात तथ्य होतं. तेव्हा विरुद्धार्थी शब्द आणि शब्दांच्या जोड्यांचं साधर्म्य असे थेट प्रश्न असायचे. ऑगस्ट २०११ मध्ये परीक्षेचं स्वरूप बदललं आणि ते प्रश्न गेले. याद्या मात्र राहिल्या!

रिकाम्या जागांच्या प्रश्नांत शब्दसंग्रह आजही लागतो, ते नाकारत नाही. पण व्हर्बलचे, म्हणजे परीक्षेतल्या इंग्रजी भाषेच्या विभागाचे, जवळपास निम्मे प्रश्न उताऱ्यांवरचे असतात आणि तिथे बहुतेक जण शब्दावर अडत नाहीत, अडतात ते युक्तिवादावर. समजा, लेखक म्हणतो, 'हा दावा शक्य कोटीतला आहे, पण उपलब्ध पुराव्याने तो सिद्ध होत नाही.' पर्याय म्हणतो, 'लेखकाने दावा खोडून काढला.' एकही शब्द कठीण नाही, तरी घाईत हाच पर्याय निवडला जातो. 'सिद्ध नाही' आणि 'खोटा आहे' यांतलं अंतर कुठल्या यादीत सापडणार?

म्हणून सराव करताना प्रत्येक वाक्य काय काम करतं ते विचारा: मत मांडतं, पुरावा देतं की आधीच्या म्हणण्याला मुरड घालतं? चुकलेल्या पर्यायातला नेमका कोणता शब्द उताऱ्याच्या पलीकडे गेला, तेही लिहून काढा. कंटाळवाणं आहे, पण उपयोग यानेच होतो.

वेळेचं म्हणाल तर सप्टेंबर २०२३ पासून व्हर्बलच्या २७ प्रश्नांना एकूण ४१ मिनिटं मिळतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका.